जमीन त्यांची, गाणं कुणाचं?

सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावर नॅराबीन नावाचं उपनगर आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या रॉयल अँटलर या पबमध्ये जमणारी गर्दी बरीचशी सर्फिंग करणाऱ्या पोरांची असे. अंगावर वाळलेलं खारं पाणी, हातात बिअर, आणि समोरचा बँड आवडला नाही तर ते तोंडावर सांगण्याची पुरेपूर तयारी. ऑस्ट्रेलियन रॉक घडलं ते अशाच पबांमध्ये. एसी/डीसी, कोल्ड चिझल, दि एंजल्स, इनएक्सएस, सगळे याच भट्टीतून निघाले. आवाज मोठा हवा, गाणं वेगात हवं, आणि दोन गाण्यांमध्ये दम खायला थांबलात की गर्दी बारकडे वळलीच समजा.

मिडनाइट ऑइल या गर्दीपुढे उभा राहिला तो एका विलक्षण गायकाला घेऊन. पीटर गॅरेट सहा फुटांहून बराच उंच, डोक्याचा पूर्ण गोटा, आणि नाच असा की हातपाय शरीराशी भांडत असावेत. कायद्याचं शिक्षण घेतलेला हा माणूस गायला लागला की गाणं आणि भाषण यांच्यामधली सीमा पुसली जाई. पण बँड मुळात त्याचा नव्हे. ड्रमर रॉब हर्स्ट, गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा जिम मोगिनी आणि बेसवादक अँड्र्यू जेम्स हे तिघे 'फार्म' नावाने आधीपासून वाजवत होते. गायक हवा, अशी त्यांची जाहिरात वाचून गॅरेट आला. मार्टिन रॉटसीही दुसरी गिटार घेऊन दाखल झाला. १९७६ साली चिठ्ठ्या टाकून नवं नाव काढलं गेलं आणि १९७८मध्ये पहिला अल्बम आला. गाणी प्रामुख्याने हर्स्ट आणि मोगिनी लिहीत. चेहरा गॅरेटचा असल्यामुळे हे सहज विसरलं जातं, आणि ते हर्स्टवर फार अन्यायाचं आहे. पुढे मंचावर ड्रमच्या शेजारी शेतावरची पत्र्याची पाण्याची टाकी ठेवून तो ती बडवत असे. त्या आवाजात या देशाच्या आतल्या रुक्ष भागाचा जो पोत आहे, तो कुठल्याही शब्दांत आलेला नाही.

या बँडची कारकीर्द पाच दशकांना स्पर्श करते. मी ती सांगणार आहे, पण सगळा पट सारख्या मापाने नाही. मला त्यात एकच प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो: ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं गाणं, ज्यांच्या बापजाद्यांनी तो केला त्यांच्या वंशजांनी गावं का? आणि गायचंच तर कसं? मिडनाइट ऑइलने याचं उत्तर बोलून दिलं नाही. चाळीस वर्षं काम करत, कधी चुकत, ते हळूहळू शोधलं.

सुरुवातीपासून हा बँड नकार देण्यासाठी ओळखला गेला. तेव्हा ऑस्ट्रेलियात गाणं गाजवायचं तर एबीसी वाहिनीच्या 'काउंटडाउन' या कार्यक्रमात जावंच लागे. मॅनेजर गॅरी मॉरिस आणि बँडने तिथे जायचं नाही असं ठरवलं आणि अखेरपर्यंत पाळलं. प्रसिद्धीची सर्वांत मोठी खिडकी स्वतःच बंद केल्यावर उरला फक्त रस्ता: या पबमधून त्या पबमध्ये, एका शहरातून दुसऱ्या शहरात. १९८२ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या, दहापासून एकपर्यंत उलटी मोजणी हेच नाव असलेल्या अल्बमने चित्र पालटलं. ऑस्ट्रेलियाच्या यादीत तो दोन वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला. त्यात अमेरिकी लष्करी तळांवरचं गाणं होतं, आणि 'मारालिंगा' हेही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मारालिंगात ब्रिटनने १९५६ आणि १९५७ साली अणुबॉम्बचे स्फोट घडवले. किरणोत्सर्गी पदार्थांचे छोटे प्रयोग त्यानंतरही १९६३पर्यंत चालू राहिले. ती जमीन रिकामी आहे असं धरून हे सगळं झालं. तिथे माणसं राहत होती.

१९८४च्या 'रेड सेल्स इन द सनसेट' या अल्बमच्या मुखपृष्ठावर अणुहल्ल्यानंतरचं सिडनी बंदर आहे, कोरडं आणि खड्ड्यांनी भरलेलं. त्याच वर्षी गॅरेट अण्वस्त्रविरोधी पक्षातर्फे न्यू साउथ वेल्समधून सिनेटसाठी उभा राहिला. त्याला पहिल्या पसंतीची ९ टक्क्यांहून अधिक मतं मिळाली, पण मोठ्या पक्षांनी आपल्या पुढच्या पसंतीची मतं त्याच्याकडे वळू दिली नाहीत आणि तो हरला. त्या वयात, त्या उंचीवर असलेल्या दुसऱ्या कुणी गायकाने एवढं पणाला लावल्याचं मला आठवत नाही.

इथवर हा एक संतापलेला, प्रामाणिक, शहरी गोरा बँड होता. त्याला बदलवलं वाळवंटाने.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने उलुरूची मालकी तिथल्या मूलनिवासी अनंगू लोकांना परत केली. देशाच्या मधोमध उभा असलेला तो तांबडा प्रचंड खडक कागदावर पुन्हा त्यांचा झाला, जरी त्याच वेळी तो ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारकडे परत गेला. या हस्तांतरावरच्या चित्रपटासाठी गाणं करा, असा निरोप मिडनाइट ऑइलला आला. त्यातून 'द डेड हार्ट' तयार झालं. पण ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना न भेटताच हे चाललं आहे, याची टोचणी लागली असावी. १९८६च्या हिवाळ्यात, म्हणजे जुलैमध्ये, बँड सामानसुमान घेऊन पश्चिम वाळवंटातल्या आणि नंतर उत्तर टोकाच्या मूलनिवासी वस्त्यांकडे निघाला. सोबत वरुम्पी बँड होता.

वरुम्पीविषयी थांबून सांगायला हवं, कारण या कथेत तो नेहमी तळटीपेत जातो. हा बँड १९८०मध्ये पापुन्या इथे जन्मला. ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवरची ही वस्ती. नील मरे हा दक्षिणेतून आलेला गोरा तरुण, सॅमी आणि गॉर्डन बुचर हे पापुन्याचे भाऊ, आणि गायक जॉर्ज रुरम्बू हा पार उत्तरेकडच्या एल्को बेटाचा. १९८३ साली त्यांनी 'जायलांगुरू पाकार्नू' हे लुरिचा भाषेतलं गाणं प्रसिद्ध केलं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ भाषेत ध्वनिमुद्रित झालेलं ते पहिलं रॉक गाणं मानलं जातं. 'ब्लॅकफेला/व्हाइटफेला' हे त्यांचंच गाणं, आणि त्या दौऱ्याचं नावही तेच होतं. मिडनाइट ऑइल पाहुणा होता, घर वरुम्पीचं.

१९७६च्या भूमी हक्क कायद्यामुळे या जमिनीवर पाऊल ठेवायला परवाना लागतो. अनेक वस्त्यांमध्ये वस्तीनेच केलेली दारूबंदी असते. पबमध्ये वाढलेला, बिअरच्या गंधात कमावलेला बँड अशा ठिकाणी वाजवायला उभा राहिला जिथे बाटली आणणं हा गुन्हा होता. पत्रकार अँड्र्यू मॅकमिलन या प्रवासात होता. त्याच्या पुस्तकाचं नाव 'स्ट्रिक्ट रूल्स', आणि एबीसीचा एक माहितीपटही आहे. त्यात पाहायला मिळतं ते असं: पोरं आणि कुत्री पुढे, मोठी माणसं बरीच लांब, अंधारात बसलेली. पुढे सरसावणारी, हात उंचावणारी गर्दी नाही. सिडनीत छप्पर हादरवणारी गाणी इथे अनोळखी झाली, तर जॉर्ज रुरम्बू गायला लागला की सगळी वस्ती खुलत असे. एखाद्या यशस्वी बँडसाठी हा अनुभव किती मोलाचा असेल! आपला आवाज हाच एकमेव आवाज नाही, हे त्यांना कुणी भाषणात सांगितलं नाही. त्यांनी ते रोज संध्याकाळी ऐकलं.

आणि त्यांनी पिंटुपी लोकांची हकिकत ऐकली. १९५० आणि ६०च्या दशकांत वूमेरा इथून सोडल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या मार्गात पश्चिम वाळवंट येत होतं. त्या काळात पिंटुपी लोकांना त्यांच्या मुलखातून आणून पापुन्यासारख्या सरकारी वस्त्यांमध्ये ठेवलं गेलं. परक्या टोळ्यांच्या जमिनीवर, दाटीवाटीत, रोगराईत अनेक जण दगावले. जे उरले त्यांनी परतीचा ध्यास सोडला नाही. १९८१च्या सुमारास ते पश्चिमेला किंटोर इथे परतले. ॲलिस स्प्रिंग्सपासून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. पुढे याच लोकांपुढे पुन्हा गाव सोडण्याची पाळी आली, मूत्रपिंडाच्या विकाराने. डायलिसिस फक्त शहरात. तेव्हा किंटोर आणि किविरकुरा या वस्त्यांतल्या चित्रकारांनी मोठी चित्रं काढली, २००० साली सिडनीच्या कलादालनात त्यांचा लिलाव झाला, दहा लाखांहून अधिक डॉलर उभे राहिले आणि २००४मध्ये किंटोरलाच डायलिसिस सुरू झालं. हे मिडनाइट ऑइलच्या कथेबाहेरचं आहे, पण मी ते मुद्दाम सांगतो आहे. या माणसांना केवळ गाण्यातली पीडित माणसं समजण्याची चूक फार सहज होते.

जगभर गाजलेल्या 'बेड्स आर बर्निंग'मध्ये किंटोर आणि युएंडुमू या वस्त्यांची नावं आहेत. गाण्याची मागणी थेट आहे: ज्यांची जमीन त्यांची त्यांना परत करा. ऑगस्ट १९८७मध्ये 'डीझल अँड डस्ट' आला आणि त्यात हे गाणं होतं. अल्बम ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेला, गाणं अमेरिकेच्या यादीत १७व्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. मला मात्र या अल्बममध्ये यशापेक्षा त्याच्या आवाजातला बदल महत्त्वाचा वाटतो. आधीच्या अल्बममधली कोंदट धडधड इथे सैल झाली आहे, वाद्यांमध्ये मोकळी जागा आली आहे. १९८६च्या प्रवासाशिवाय हे घडलं नसतं.

वेळही अचूक होती. २६ जानेवारी १९८८ रोजी ब्रिटिश जहाजांच्या आगमनाला दोनशे वर्षं झाली आणि देश उत्सव करायला सजला होता. मूलनिवासींसाठी तो शोकाचा दिवस. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी बारुंगा इथे त्यांच्याशी करार करण्याचं आश्वासन दिलं. तो झाला नाही. याच काळात मिडनाइट ऑइलने उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात अर्नहेम लँडच्या योथू यिंदी या बँडला सोबत नेलं. मंदावुय युनुपिंगू यांच्या नेतृत्वाखालचा हा बँड तिथल्या योल्ंगू लोकांचं पारंपरिक गायन आणि रॉक एकाच मंचावर मांडत होता. १९९१ साली 'ट्रीटी' या गाण्यातून त्यांनी हॉक यांच्या मोडलेल्या शब्दाचा जाब साऱ्या देशासमोर मागितला. ते लिहिणाऱ्यांत पॉल केली आणि गॅरेटही होते, पण आवाज युनुपिंगूंचा होता. पाच वर्षांत केवढं अंतर कापलं गेलं होतं!

१९९०चा 'ब्लू स्काय मायनिंग' हा कामगारांचा अल्बम. त्याच्या मुख्य गाण्यामागे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटेनूमच्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी आहेत. सीएसआर ही मूळची साखर कंपनी. तिच्या उपकंपनीने १९६६पर्यंत त्या चालवल्या, आणि धूळ छातीत घेऊन गेलेली माणसं त्यानंतर दशकानुदशकं मरत राहिली. विटेनूम हे गावच पुढे अधिकृत नकाशावरून काढून टाकण्यात आलं. १९९०मध्येच ३० मे रोजी न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर, एक्सॉनच्या इमारतीसमोर, जेवणाच्या सुट्टीत एका उघड्या ट्रकवरून बँडने वाजवलं. अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडल्याला वर्ष उलटून गेलं होतं. त्या चित्रीकरणात टाय लावलेली माणसं फुटपाथवर थबकलेली दिसतात आणि त्यांच्या डोक्यांवरून गॅरेटचा आवाज काचेच्या इमारतीवर आदळतो.

मग एक मोठी चूक झाली. १९९३च्या 'अर्थ अँड सन अँड मून' या अल्बममध्ये 'ट्रुगॅनिनी' हे गाणं होतं. सोबतच्या टिपणात ट्रुगॅनिनी ही टास्मानियाची अखेरची मूलनिवासी व्यक्ती असल्याचा जुना दावा आला. टास्मानियाचे मूलनिवासी आजही आहेत. त्यांनी कडाडून आक्षेप घेतला, आणि तो योग्यच होता. वसाहतवाल्यांनी पसरवलेली, एका अख्ख्या समाजाला पुसून टाकणारी गोष्ट त्याच समाजाच्या कैवाऱ्यांनी पुन्हा छापली होती. सद्भावना असली की माहिती आपोआप बरोबर येते असं नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना आधी विचारावं लागतं. १९८६मध्ये ते जाऊन भेटले होते. इथे ते राहून गेलं.

१ ऑक्टोबर २००० हा दिवस ऑस्ट्रेलियाने पाहिलेला आहे, त्यामुळे थोडक्यात. सिडनी ऑलिम्पिकचा समारोप, पंतप्रधान जॉन हॉवर्ड प्रेक्षकांत. मूलनिवासी मुलांना सरकारने आईबापांपासून तोडल्याची, म्हणजे 'चोरलेल्या पिढ्यां'ची कहाणी १९९७च्या चौकशी अहवालाने अधिकृतपणे मांडली होती, आणि हॉवर्ड माफी मागायला तयार नव्हते. मिडनाइट ऑइल काळ्या कपड्यांत आला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत जागोजागी एकच शब्द छापलेला: सॉरी. गाणं तेच, 'बेड्स आर बर्निंग'. त्याच समारंभात योथू यिंदीनेही 'ट्रीटी' गायलं. हे कमी आठवलं जातं. संसदेने माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी, केविन रड पंतप्रधान असताना. तेव्हा गॅरेट मंत्री म्हणून सभागृहात बसला होता.

तो तिथे कसा पोचला, यावर त्याचे अनेक चाहते अजून नाराज आहेत. २००२च्या डिसेंबरमध्ये त्याने बँड सोडला, २००४मध्ये मजूर पक्षातर्फे सिडनीच्या किंग्सफोर्ड स्मिथ मतदारसंघातून निवडून आला आणि २००७ अखेर पर्यावरण, वारसा आणि कला खात्याचा मंत्री झाला. मग हिशेब सुरू झाला. अमेरिकी तळांबाबत पक्षाची भूमिका ती त्याची भूमिका. २००९मध्ये फोर माइल युरेनियम खाणीला मंजुरी देणारी सही त्याची. विरोधक त्याची जुनी गाणी त्याच्याच तोंडावर फेकत. घरांच्या छतांत उष्णतारोधक थर बसवण्याची सरकारी योजना घाईत राबवली गेली आणि त्यात चार तरुण कामगार मेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक उष्माघाताने. योजना त्याच्या खात्याकडे होती. तिची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेण्यात आली. ज्याने खाणीत मेलेल्या कामगारांची बाजू गाण्यातून मांडली, त्याच्या कारकिर्दीवर हा डाग आहे आणि तो पुसला जाणार नाही.

पण फक्त एवढंच सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. क्वीन्सलँडच्या मेरी नदीवरचं ट्रॅव्हेस्टन धरण त्याने २००९मध्ये नाकारलं आणि तिथल्या दुर्मीळ लंगफिशला आणि कासवांना जीवदान मिळालं. आणि आणखी एक काम आहे, ज्याबद्दल कुणी गाणं लिहिणार नाही. पापुन्यात चित्रकार झालेले क्लिफर्ड पॉसम यांचं 'वार्लुगुलाँग' हे प्रचंड चित्र १९७७मध्ये १,२०० डॉलरला विकलं गेलं होतं. २००७मध्ये त्याच चित्राला लिलावात २४ लाख डॉलर मिळाले. चित्रकार तोवर वारले होते आणि त्या रकमेवर त्यांच्या कुटुंबाचा कायदेशीर हक्क काहीच नव्हता. गॅरेट कला खात्याचा मंत्री असताना पुनर्विक्रीतला ५ टक्के वाटा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना देणारा कायदा झाला. २०१०पासून तो लागू आहे आणि त्याचा लाभ घेणाऱ्यांत मूलनिवासी चित्रकार मोठ्या संख्येने आहेत. 'बेड्स आर बर्निंग'ने जगाला या वाळवंटाचं नाव ऐकवलं. या कायद्याने वाळवंटातल्या घरांमध्ये पैसे पोचवले. मला दुसरं काम पहिल्याहून लहान वाटत नाही.

२०१३मध्ये त्याने संसद सोडली. २०१७मध्ये बँड पुन्हा जगभर फिरला, आणि त्याच वर्षी २६ मे रोजी देशभरच्या मूलनिवासी प्रतिनिधींनी उलुरू इथे एक निवेदन प्रसिद्ध केलं. आपल्याला राज्यघटनेत आवाज हवा, मग करार आणि सत्यकथन हवं, अशी त्याची मांडणी. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये मिडनाइट ऑइलने 'द मकाराटा प्रोजेक्ट' काढला. संघर्षानंतरच्या समेटासाठी योल्ंगू भाषेतला शब्द त्याला दिला होता. इथे प्रत्येक गाण्यात मूलनिवासी कलावंत सोबत आहेत: जेसिका मॉबॉय, टॅस्मन कीथ, डॅन सल्टन, ॲलिस स्काय, केव्ह कार्मडी, फ्रँक यामा, आणि पापुन्याचा सॅमी बुचर. दिवंगत गुरुमुल युनुपिंगू यांचा जपून ठेवलेला आवाजही आहे. उलुरू निवेदन पॅट अँडरसन, स्टॅन ग्रँट, ॲडम गुड्स यांच्यासारख्यांनी वाचलं आहे. गॅरेट अनेक ठिकाणी मागे उभा आहे. मला हा त्यांचा सर्वांत सुरेल अल्बम वाटत नाही, सर्वांत परिपक्व नक्की वाटतो. तो पहिल्या क्रमांकावर गेला. अल्बम आल्यावर थोड्याच दिवसांत, ७ नोव्हेंबरला, १९८७पासून बेस वाजवणारा बोन्स हिलमन कर्करोगाने गेला. २०२२मध्ये 'रेझिस्ट' आला, आणि त्या वर्षी ३ ऑक्टोबरला सिडनीच्या हॉर्डर्न पॅव्हिलियनमध्ये बँडने तीन तासांहून अधिक वाजवून दौऱ्यांना पूर्णविराम दिला.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनेतल्या त्या आवाजावर सार्वमत झालं. ६० टक्क्यांनी 'नाही' म्हटलं, सहाही राज्यांनी नाकारलं. नॉर्दर्न टेरिटरीतही एकूण कौल विरोधात गेला, पण तिथल्या दुर्गम मूलनिवासी वस्त्यांमधल्या मतपेट्यांत मोठ्या बहुमताने 'हो' निघालं. म्हणजे ज्या मुलखात १९८६ साली माणसं लांब बसून ऐकत होती, तिथून उत्तर आलं. ज्या शहरांनी ती गाणी तोंडपाठ केली, त्यांपैकी बहुतेकांकडून आलं नाही. गाण्याने देश बदलतो का, असं मला कुणी विचारलं तर या आकड्यांपुढे मी 'हो' म्हणू शकत नाही. गाण्याने ते गाणारी पाच माणसं बदलली, एवढं मात्र चाळीस वर्षांच्या नोंदींतून दाखवता येतं.

कुणाला हे सगळं ऐकायचं असेल तर माझी एक विनंती आहे. सुरुवात 'बेड्स आर बर्निंग'पासून करू नका, ते तुम्ही बहुधा ऐकलेलं आहे. आधी वरुम्पीचं 'जायलांगुरू पाकार्नू' लावा, शब्द कळले नाहीत तरी. मग त्यांचं 'माय आयलंड होम', जे नील मरेने जॉर्जसाठी, त्याच्या एल्को बेटासाठी लिहिलं. त्यानंतर योथू यिंदी. आणि मग 'डीझल अँड डस्ट', सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत.